यकृताचें पथ्य
‘पथ्य’ हा शब्द मूळचा वाटेवरचा. शरीराच्या वाटेपासून जें ढळत नाहीं तें पथ्य, असा त्याचा अर्थ चरकसंहितेंतच दिला आहे. यकृत बिघडलेल्या माणसाच्या ताटांत काय वाढावें, या प्रश्नाचीं आजवर दिलीं गेलेलीं उत्तरें ओळीनें मांडलीं, तर ही वाट किती वेळां वळली आणि एकदां तर उलटी कशी फिरली, हें ध्यानांत येतें. मी या इतिहासाकडे वळलों तो मात्र ग्रंथप्रेमामुळें नव्हे.

माझ्या थोरल्या बंधूंचें यकृत आकसत चालल्याचें निदान झालें, त्यास सहा वर्षें होतील. दारूचा थेंबही त्यांनीं कधीं घेतला नव्हता. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणु त्यांच्या रक्तांत वर्षानुवर्षें निमूटपणें राहिला होता. पुढें एकदां त्यांस भ्रम झाला. दोन दिवस घरचीं माणसेंही ओळखेनात. शुद्धीवर आल्यावर एका डॉक्टरांनीं डाळ, दूध, दहीं बंद केलें. आत्याबाईंनीं तेलतूप बंद केलें. शेजाऱ्यांनीं, काविळीला पिवळें नको म्हणून, हळद बंद केली. वहिनी मला म्हणाल्या, “भावोजी, नको म्हणणारे पुष्कळ झाले, हो कशाला म्हणूं तेवढें सांगा.” तीन महिन्यांत बंधूंचे दंड काठीसारखे झाले.

आपल्याकडील जुनें उत्तर चरकाच्या चिकित्सास्थानांत, उदररोगाच्या तेराव्या अध्यायांत आहे. पोटांत पाणी सांचलें असतां नाभीच्या खालीं डाव्या बाजूस छिद्र पाडून, नळी घालून तें काढावें आणि पोट वस्त्रानें आवळून बांधावें, असें तेथें सांगितलें आहे. नंतरचें पथ्य पूर्ण एका वर्षाचें: सहा महिने केवळ दूध, तीन महिने दुधाबरोबर पेज, आणि शेवटचे तीन महिने सांवा किंवा हरीक दुधाबरोबर, पण बिनमिठाचा. मीठ पाणी धरून ठेवतें हें आजचें शास्त्रही मानतें. एवढ्यावरून ‘आमच्या पूर्वजांस सर्व ठाऊक होतें’ अशी आरोळी ठोकण्याचा मोह आमच्यांतील पुष्कळांस होतो. तो आवरलेला बरा. आज जलोदराच्या रोग्यास मीठ अजीबात वर्ज्य करीत नाहींत. दिवसाला सुमारें 5 ते 7 ग्रॅम ठेवतात, कारण अळणी अन्न नकोसें होऊन रोगी उपाशी राहतो. चरकाचें खरें श्रेय मला दुसरेंच वाटतें. त्यानें मीठ काढलें, पण दूध ठेवलें.

दुधाडाळींवर संक्रांत आली ती रशियांतील कुत्र्यांमुळें. 1877 मध्यें निकोलाय एक या शस्त्रवैद्यानें आंतड्यांकडून यकृताकडे जाणारी मोठी शीर थेट महाशिरेला जोडून, रक्ताला यकृत टाळून जाण्याची आडवाट करून दिली. हेतु जलोदरावर उपाय शोधण्याचा होता. पुढें 1893 मध्यें पावलोव्ह व त्याच्या सहकाऱ्यांनीं अशा कुत्र्यांस मांस चारून पाहिलें. तीं झोकांड्या खाऊं लागलीं, आंधळ्यासारखीं वागूं लागलीं, त्यांस झटके आले आणि कित्येक बेशुद्ध पडलीं. मांसांतील प्रथिनांपासून होणारा अमोनिया यकृतानें निर्विष न केल्यास मेंदूवर चढतो, हा बोध पुढें त्यांतूनच निघाला. 1950 नंतरच्या दशकांत अमेरिकेंत व लंडनमध्यें माणसांतही असेंच दिसून आलें, आणि भ्रम झालेल्या रोग्याचीं प्रथिनें तोडावयाचीं हा जणूं नियमच होऊन बसला. निरीक्षण खरें होतें. पण कांहीं दिवसांचा उपाय जन्माचें पथ्य झाला.

तेलतुपाची बंदी तर त्याआधींच डळमळली होती. काविळीच्या रोग्यांस भरपूर स्निग्धांश देऊनही अपाय होत नाहीं, असें अमेरिकेंतील हॉगलंड व त्याच्या सहकाऱ्यांनीं 1946 सालींच दाखविलें होतें. हळदीच्या बंदीला रंगापलीकडे आधार नाहीं.

प्रथिनांचा नियम मोडावयास मात्र 2004 साल उजाडावें लागलें. बार्सिलोनांत कोर्डोबा आदि वैद्यांनीं भ्रमावस्थेंतील रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकास पहिले तीन दिवस प्रथिनें दिलीं नाहींत, दुसऱ्यास पहिल्या दिवसापासून पुरेशीं दिलीं. भ्रम दोन्ही गटांत सारखाच ओसरला. उपाशी ठेवलेल्यांचें शरीर मात्र स्वतःचीं प्रथिनें अधिक झिजवीत होतें. शिवाय स्नायु हे स्वतः अमोनिया शोषून घेतात. म्हणजे बंधूंचे दंड वाळत होते, तेव्हां जें टाळण्यासाठीं पथ्य होतें, त्याचीच वाट आम्ही मोकळी करीत होतों! 2019 सालीं युरोपांतील यकृतवैद्यांच्या संस्थेनें वजनाच्या दर किलोमागें 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनें रोज द्यावीं असें लिहून ठेवलें. पन्नास किलोच्या माणसास हीं 60 ते 75 ग्रॅम होतात. आमच्या घरीं त्याच्या निम्मींही पोटांत जात नव्हतीं. दुधाचीं व डाळींचीं प्रथिनें मांसाहून अधिक सोसतात, ही गोष्ट आपल्या स्वयंपाकघराच्या सोयीचीच म्हणावयाची.

दुसऱ्या एका डॉक्टरांनीं हें सर्व वहिनींस शांतपणें समजावून सांगितलें व एक नवें पथ्य घातलें: रात्रीं निजण्यापूर्वीं कांहीं तरी खावें. आकसलेल्या यकृतांत साखरेचा सांठा नसतो. एका रात्रीचा उपास त्या शरीराला निरोग्याच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखा पडतो. तेव्हांपासून रोज दहाच्या सुमारास वहिनी मुगाच्या खिचडीची वाटी व वर दहीं घेऊन येतात. खिचडी पिवळी असते. बंधु पहिल्या दिवशीं तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनीं मागितलें तें लिंबाचें लोणचें. तें मात्र अजून मिळालेलें नाहीं.