दातांचा ठसा आणि दहा मिनिटे

दाताला कॅप बसवून घेतलेल्यांना 'माप' देण्याचा प्रसंग आठवत असेल. गार लगदा भरलेला ट्रे दातांवर दाबतात आणि दोन-तीन मिनिटे गप्प बसवतात. लगदा घट्ट झाला की दातांचा उलटा ठसा मिळतो. त्यात जिप्सम कालवून ओतले की दातांची प्रतिकृती तयार होते. पुढचे सारे काम लॅबमध्ये या प्रतिकृतीवरच होते, म्हणून ठसा चुकला की कॅपही चुकते. कॅपची कड आणि दात यांत १२० मायक्रॉनपर्यंत फट चालेल, अशी मर्यादा मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ मध्ये सुचवली. दहा मिलिमीटर रुंदीच्या दाढेच्या ठशात एक टक्का फरक पडला, तर १०० मायक्रॉन तिथेच खर्ची पडतात.

बर्लिनच्या फिलिप फाफ यांनी १७५६ मध्ये मेणाच्या ठशाचे वर्णन केले. पुढे शतकभराने लंडनच्या चार्ल्स स्टेंट यांनी गट्टापर्चात भर घालून अधिक चांगला लगदा केला. (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात तो 'स्टेंट' याच दंतवैद्याचे नाव मिरवतो!) तरीही दातांच्या खाचांतून बाहेर काढताना असे ठसे वाकत किंवा तुटत. हवा होता ताणून पुन्हा मूळ आकारात येणारा पदार्थ, आणि तो सापडला समुद्रशैवालात. व्हिएन्नाच्या आल्फोन्स पोलर यांनी १९२५ च्या सुमारास ठशांसाठी अगार वापरले. अगार म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला चायनाग्रास. दुसऱ्या महायुद्धात जपानहून येणारे अगार दुर्मिळ झाले आणि दुसऱ्या शैवालांपासून काढलेले अल्जिनेट पुढे आले. ते स्वस्त आणि सोपे असल्याने आजही टिकून आहे.

हे दोन्ही पदार्थ म्हणजे जाळीत अडकवलेले पाणी. उघड्यावर ठेवले तर पाणी उडून ठसा आखडतो, पाण्यात बुडवला तर तो फुगतो. वर्गात चायनाग्रासच्या जेलीच्या दोन सारख्या पट्ट्या कापा, एक उघड्या बशीत आणि एक पाण्यात ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी दोन्हींची लांबी व वजन मोजा. उघड्यावरची पट्टी आखडलेली दिसेल.

१९८० च्या दशकापर्यंत ठसा बहुधा नळाखाली धुऊन लॅबला पाठवत. पण ठशाला लाळ आणि रक्त लागलेले असते. काविळीचा हिपॅटायटिस-बी विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही किमान सात दिवस तग धरतो, म्हणजे रोग्याला कधी न पाहिलेला कारागीरही धोक्यात. १९८१ मध्ये एड्सची नोंद झाली आणि ही चिंता वाढली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८६ मध्ये सांगितले, की लॅबमध्ये हाताळण्यापूर्वी ठसे धुऊन त्यांचे जंतुनाशन करावे.

कसे करायचे? वाफेच्या उष्णतेत अल्जिनेट टिकणार नाही. उरले हायपोक्लोराइटसारखे द्रावण, पण त्यात बुडवणे म्हणजे ज्याने ठसा बिघडतो तेच करणे! तेव्हापासून संशोधक ठसे बुडवून, प्रतिकृती ओतून आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजून मिनिटांचा हिशेब लावत आले आहेत. अल्जिनेटला साधारण दहा मिनिटे, किंवा नुसता फवारा मारून बंद पिशवीत ठेवणे, असा तोडगा रूढ झाला. ठसा तासभर बुडवून ठेवला तर जंतू मरतील, पण मापही जाईल.

१९७० च्या दशकात आलेली सुधारित सिलिकोन रबरे पाण्याला फारशी जवळ करीत नाहीत. ती अर्धा तास बुडवली तरी फरक नगण्य असतो. उलट १९६५ चे पॉलिईथर पाणी शोषते, त्याच्याबाबतीत घाई हवी. सर्व ठशांना एकच वेळ सांगणारे तक्ते म्हणूनच आम्हांला पटत नाहीत. डबीवरच्या उत्पादकाच्या सूचना अधिक विश्वासार्ह.

१९८५ मध्ये झ्युरिचमध्ये तोंडातच कॅमेऱ्याने माप घेऊन दाताचे भरण तयार करण्यात आले, आणि आता अनेक दवाखान्यांत तसे स्कॅनर दिसतात. त्यात लगदा नाही, आखडणे-फुगणे नाही. मात्र स्कॅनरचे टोक दर रोग्यानंतर निर्जंतुक करावेच लागते.