पुढच्या चाकातून चीं-चीं आवाज येतोय? गॅरेजला जाण्याआधी घरीच असं ओळखा दुखणं

आठवडी बाजाराला भाजी भरून निघालेली पिकअप असो, नाहीतर पाहुण्यांना आणायला काढलेली घरची कार. पुढच्या चाकातून चीं-चीं सुरू झाली की बरेच जण काच वर करतात, गाण्याचा आवाज वाढवतात आणि पुढे निघतात. ‘ब्रेक लागतोय ना, मग चालतंय की!’ असं म्हणत महिना जातो. पण हा आवाज अनेकदा ब्रेकनेच दिलेली सूचना असते. सपाट रस्त्यावर ते निभावून जातं. पसरणी किंवा कुंभार्ली घाटाच्या उतारावर, माल भरलेल्या गाडीत, हीच ढिलाई जिवावर बेतू शकते.

आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, हे नीट लक्षात ठेवा. निम्मं निदान तिथेच होतं.

आधी गाडी उभी ठेवून ऐका

हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि इंजिन सुरू करा. उभ्या गाडीतही चीं-चीं येत असेल किंवा जागेवर स्टेअरिंग फिरवल्यावर वाढत असेल, तर दोष चाकात नाही. बहुधा इंजिनचा बेल्ट ढिला किंवा जुना झालेला असतो.

उभ्या गाडीत आवाज नसेल, तर मोकळ्या रस्त्यावर काच खाली करून हळू चालवा. रस्त्याकडेला लांब भिंत असेल तर तिच्या बाजूने जा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि त्या बाजूचं चाक स्पष्ट ऐकू येतं.

आवाज कधी येतो? कारण काय?

सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकलाच खरखर, मग बंद : पावसात किंवा गाडी धुतल्यावर ब्रेकच्या डिस्कवर हलका गंज चढतो. ब्रेक लागले की तो घासून निघतो. काळजी नको.

चालताना बारीक चीं-चीं, ब्रेक दाबला की आवाज बदलतो किंवा थांबतो : ब्रेक पॅड संपत आलेत. बऱ्याच पॅडला एक छोटी पत्र्याची पट्टी असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासते आणि मुद्दाम आवाज करते. त्याच आठवड्यात पॅड बदला.

ब्रेक दाबल्यावर कर्र-कर्र, पायाला थरथर : पॅडचा मसाला संपून लोखंडावर लोखंड घासत असण्याची शक्यता मोठी. गाडी पुढे नेऊ नका, मिस्त्रीला जागेवर बोलवा.

सतत घासल्याचा आवाज, जळका वास, गाडी एका बाजूला ओढते : कॅलिपर जाम झालाय, म्हणजे ब्रेक सोडला तरी सुटत नाही. गाडी थांबवून दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात न्या. रिमला हात लावू नका, भाजेल. एक चाक जास्त तापलेलं जाणवलं तर दोष तिथेच.

कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक किंचाळल्यासारखा आवाज : डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यामध्ये खडा अडकला असेल. गाडी थोडी मागे-पुढे घेतली की कधी कधी तो पडतो. नाही पडला तर चाक काढून बघावं लागतं.

वेग वाढला की घूं-घूं वाढते, ब्रेकचा संबंध नाही : चाकाचं बेअरिंग. उजवीकडे वळताना वाढला तर बहुधा डावं, डावीकडे वळताना वाढला तर उजवं. हे पुढे ढकलू नका.

पूर्ण स्टेअरिंग कापून वळताना खट-खट : इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाणाऱ्या गाड्यांत एक्सलचा जॉइंट तपासा. त्यावरचं रबर फाटलं की ग्रीस बाहेर पडतं आणि आत माती जाते.

पॅड किती उरलाय ते बघा

गाडी थंड होऊ द्या. बऱ्याच गाड्यांत रिमच्या फटीतून मोबाईलची बॅटरी मारली की पॅड दिसतो. नवा पॅड साधारण १० ते १२ मिमी जाड असतो. ३ मिमी, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांइतकाच उरला, तर बदलायची वेळ झाली. आतल्या बाजूचा पॅडही बघून घ्या, कधी कधी तोच आधी संपतो.

हे मात्र करू नका

- आवाज बंद व्हावा म्हणून डिस्कवर किंवा पॅडवर ऑईल, ग्रीस, डिझेल टाकू नका. आवाज जाईल, पण ब्रेकही जाईल.
- तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. ती वाकडी होऊ शकते.
- नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. बाकीच्या चाकांना दगड लावा.
- एकाच चाकाचे पॅड बदलू नका. दोन्ही पुढच्या चाकांचे सोबत बदला.
- ब्रेक ऑईलची पातळी खाली गेली तर नुसतं ओतून मोकळं होऊ नका. पॅड झिजलेत की कुठे गळती आहे, ते आधी बघा.

गॅरेजमध्ये काय सांगाल?

कोणतं चाक, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, वळताना की सरळ, थंड गाडीत की तापल्यावर, एवढं सांगा. जमलं तर शेजारी बसलेल्याला मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायला सांगा. मिस्त्रीचा वेळ वाचतो आणि नको ते पार्ट बदलले जात नाहीत. जुने पॅड मागून घ्या, स्वतः बघा. नवे पॅड बसल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल कडक लागेपर्यंत चार-पाच वेळा दाबा, नाहीतर पहिला ब्रेक लागणारच नाही. नव्या पॅडचा थोडा आवाज काही दिवस येऊ शकतो.

वेळेत बदलले तर खर्च फक्त पॅडचा. दुर्लक्ष केलं तर डिस्कही जाते. आणि घाट उतरायचा असेल, तर आवाजाचं कारण कळल्याशिवाय गाडी भरू नका.