'ट्रान्स्फर केस'ची घरघर कशी ओळखावी?

मारुती जिप्सीची निर्मिती थांबली, तरी फोर व्हील ड्राइव्हची हौस असलेल्यांचा जुन्या जिप्सीवरील जीव कमी झालेला नाही. अशी गाडी घेताना सर्वाधिक फसगत होते ती ट्रान्स्फर केसबाबत. गिअरबॉक्सकडून आलेली शक्ती पुढच्या-मागच्या चाकांकडे धाडणारी ही पेटी जिप्सीत गिअरबॉक्सपासून वेगळी, मध्ये आखूड शाफ्ट देऊन बसविलेली असते. म्हणूनच घरघर कुठली, हे पेटी न खोलताही बरेचसे कळते.

सपाट जागी हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावावेत. दगड विसरू नयेत, कारण ट्रान्स्फरचा दांडा न्यूट्रलला नेताच गिअरमधील गाडीही मोकळी होते. प्रथम दोन्ही दांडे न्यूट्रलला ठेवून क्लच सोडावा. आवाज तेव्हाच आला, तर संशय गिअरबॉक्सवर. मग ट्रान्स्फर न्यूट्रललाच ठेवून गाडी गिअरमध्ये टाकावी. आता आखूड शाफ्ट व ट्रान्स्फरमधील आतले गिअरही फिरू लागतात; नवा आवाज त्यांचा. केवळ गाडी धावतानाच घरघर होत असेल, तर आउटपुट शाफ्टची बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्ट किंवा डिफरन्शियल तपासावे.

इंजिन बंद करून आउटपुटची फ्लँज हाताने हलवून पाहावी. ती थोडी मागे-पुढे फिरणे स्वाभाविक आहे. वर-खाली डुलत असेल, तर बेअरिंग झिजली असे समजावे.

खरी साक्ष मात्र तेलाची. गाडी चालवून तेल कोमट असताना काढावे. बारीक करडा लेप चालतो. चकत्या, कण किंवा बेअरिंगच्या सुया दिसल्यास पेटी खोलणे अटळ. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी. या पेटीत तेल मुळात एक लिटरहूनही कमी असते, त्यामुळे सीलमधून होणारी किरकोळ गळतीही महागात पडते.

कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील वापरल्याने दांडा अडकला, तर ती झीज नव्हे. शाफ्टमध्ये ताण साचलेला असतो. गाडी सरळ थोडी मागे घेतली, की तो बहुधा सुटतो. याउलट, उतारावर 'लो'मधून दांडा आपोआप उडाला, तर तो थेट न्यूट्रलला जाऊन इंजिनाचा रोध क्षणात नाहीसा होऊ शकतो. दुरुस्तीपूर्वी अशी गाडी घाटात नेऊ नये.