सव्यसाचीचे शिक्षण

विराटपर्वात अर्जुन आपली दहा नावे उत्तराला सांगतो आणि एकेका नावाचा अर्थही उलगडून दाखवितो. सव्यसाची या नावाचा खुलासा करताना, गांडीव ओढण्यात आपले दोन्ही हात सारखेच निष्णात आहेत, असे तो म्हणतो; आणि 'निष्णात' या अर्थी तेथे शब्द आला आहे तो 'दक्षिण'. म्हणजे माझे दोन्ही हात उजवेच आहेत, असे जवळजवळ त्याचे म्हणणे. डाव्या हाताचे कौतुक करावयाचे तरी त्याला उजवा म्हटल्यावाचून भाषेला गत्यंतर नव्हते! मराठीची तऱ्हाही निराळी नाही. सरस असेल ते उजवे; कमअस्सल असेल ते डावे; एखाद्याला बाजूला सारावयाचे तर त्याला आपण 'डावलतो', आणि हे क्रियापद 'डावा' या शब्दापासूनच निघालेले आहे.

शब्दांची ही चर्चा आम्ही उगाच करीत नाही. डाव्या हाताने पाटीवर लिहू लागणाऱ्या मुलाच्या बोटांवर पट्टी बसलेली आम्ही आमच्या शाळेत पाहिली आहे; प्रसादासाठी डावा हात पुढे केल्याबद्दल चारचौघांत ओशाळलेली मुलेही पाहिली आहेत. त्यांपैकी बहुतेकांनी निमूटपणे हात बदलला. त्या बदलात काय गमावले याची मोजदाद कोणी केली नाही, कारण जे कधी फुललेच नाही त्याची मोजदाद करणार तरी कशी? म्हणूनच आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील एका मुलाच्या बाबतीत जे घडले त्याचा वृत्तान्त आम्हांस खेळाच्या बातमीहून मोठा वाटतो.

अक्षय कर्णेवार याचा जन्म १९९२ चा. क्रिकेट खेळू लागला तेव्हा तो उजव्या हाताने ऑफस्पिन टाकीत असे. फलंदाजी मात्र डावखुरी, आणि क्षेत्ररक्षण करताना चेंडू फेकावयाचा तोही डाव्या हाताने. ही विसंगती त्याच्या रोजच्या सोबत्यांच्या डोळ्यांसमोर होती; पण ती विसंगती आहे हे ध्यानात आले ते त्याचे प्रशिक्षक बाळू नवघरे यांच्या. फेकण्यासाठी जो हात आपोआप पुढे येतो त्या हाताने गोलंदाजीही करून पाहा, असे त्यांनी सुचविले. मुलाने ते ऐकले, आणि डावखुरी फिरकी त्याच्या हाती बसली.

येथवरची गोष्ट विरळ असली तरी अपूर्व नाही. हात आणि खेळ यांचे नाते सरळ नसतेच. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने आणि फलंदाजी करीत असे उजव्या पद्धतीने. सौरव गांगुलीचे नेमके उलट. अपूर्व गोष्ट पुढची आहे. डावा हात सापडल्यावर उजवा टाकून देण्यात आला नाही. सामान्य शिक्षकाने काय केले असते, याचा विचार करावा. 'आता चूक सुधारली, जुने विसर' असे म्हणून त्याने काही वर्षांची मेहनत पुसून टाकली असती, आणि तसे करताना आपण मोठे शास्त्रशुद्ध वागत आहोत अशी त्याची समजूत असती. येथे नवे आले ते जुन्याच्या शेजारी येऊन बसले. पुढे विदर्भाच्या संघात कर्णेवारचे नाव झाले ते दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा गोलंदाज म्हणून.

याचा उपयोग काय, हे क्रिकेट न पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात सांगावयास हवे. उजव्या हाताच्या ऑफस्पिनरचा चेंडू उजव्या फलंदाजाच्या अंगावर वळतो आणि डावखुऱ्यापासून दूर जातो. डाव्या हाताच्या फिरकीचे याच्या उलट. दूर जाणारा चेंडू फलंदाजाला सहसा अधिक छळतो. तेव्हा समोर जसा फलंदाज येईल तसा हात बदलता आला, तर प्रत्येकाला त्रासदायक तोच चेंडू टाकता येतो. मात्र यात गनिमी काव्याला जागा नाही. आपण कोणत्या हाताने टाकणार हे गोलंदाजाने पंचास कळवावे आणि पंचाने ते फलंदाजास सांगावे, असा नियमच आहे. सांगून-सवरून वार करावयाचा, म्हणजे दोन्ही हात खरोखरीच तयार हवेत.

आणि 'हात' हा शब्दही येथे फसवा आहे. गोलंदाजी एकट्या हाताने होत नाही. धाव कोणत्या बाजूने घ्यावयाची, कोणता पाय पुढे रोवावयाचा, कोणता खांदा फलंदाजाकडे वळवावयाचा, मोकळा हात कोठून खाली खेचावयाचा, हे सगळे आरशातल्या प्रतिमेप्रमाणे उलटते. जो दोन हातांनी टाकतो त्याने दोन शरीरे शिकविलेली असतात म्हणाना!

दोन्ही अंगे तयार करण्याची ही हौस आमच्या प्रांताला परकी नाही. शेजारच्या अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाड्याची स्थापना केली. पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपास आलेल्या याच संस्थेच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारखे देशी खेळ परदेशी प्रेक्षकांना करून दाखविले. असल्या आखाड्यांतून जोडी फिरते ती दोन्ही हातांनी. मलखांबावरची पकड एका अंगाने साधली की वस्ताद तीच दुसऱ्या अंगाने करावयास लावतो. एक बाजू भरलेली आणि दुसरी कोरडी राहिलेली त्याला खपत नाही. हे ज्ञान पुस्तकातून आलेले नव्हते, आणि त्याला मानसशास्त्र म्हणावे असे कोणाच्या मनातही आले नसेल.

पुस्तकातले ज्ञानही त्याच सुमाराचे आहे. १८९४ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात स्क्रिप्चर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या दोन सहकारी स्त्रियांसह एक साधा प्रयोग केला. बारीक छिद्रात सुई घालावयाची, पण कडेला स्पर्श होऊ द्यावयाचा नाही. झाला तर विजेच्या जोडणीमुळे तो कळे. काही दिवस हा सराव उजव्या हाताकडूनच करवून घेतला. नंतर डाव्या हाताची परीक्षा घेतली, तो त्या न शिकविलेल्या हातातही स्थिरता आलेली! एका हाताला दिलेले शिक्षण काही अंशी दुसऱ्यालाही मिळते, कारण शिकणारा खरा इसम वर मेंदूत बसलेला असतो. आज एक हात प्लास्टरमध्ये असलेल्या रोग्याकडून दुसऱ्या हाताचे व्यायाम करवून घेतात ते याच आधारावर. कर्णेवारच्या उजव्या हाताची काही वर्षे फुकट गेली नव्हती, असे मानावयास त्यामुळे जागा आहे. उंची केव्हा द्यावी, टप्पा कोठे पाडावा, फलंदाजाचा पाय कसा ओळखावा, हे शहाणपण हाताचे नसतेच. ते डाव्या हाताला आयते मिळाले असले पाहिजे.

परंतु प्रयोगशाळेत एक गोष्ट सिद्ध झाली की उत्साही लोक तिचा धर्म करून टाकतात. १९०३ साली लंडनमध्ये दोन्ही हातांच्या शिक्षणाचा प्रचार करणारी एक संस्थाच निघाली. १९०५ साली जॉन जॅक्सन याने त्या विषयावर ग्रंथ लिहिला आणि त्यास बेडन-पॉवेल यांची प्रस्तावना मिळाली. प्रत्येक मुलाला दोन्ही हातांनी लिहावयास शिकवा, म्हणजे राष्ट्राची कर्तबगारी वाढेल, असा एकंदर रोख. १९०७ साली सर जेम्स क्रिच्टन-ब्राउन या वैद्यकपंडिताने या मताचा जाहीर समाचार घेतला, आणि पुढे ती लाट ओसरली. आमच्या मते ती ओसरली हे योग्यच झाले. डाव्या मुलाला उजवा करणारी पट्टी आणि सगळ्यांना दोन्हीकडचे करू पाहणारी ही मोहीम या सख्ख्या बहिणी आहेत. समोरचे मूल कोणते आहे, हे पाहण्याची तसदी दोघींनीही घेतलेली नाही.

क्रिकेटच्या इतिहासात दोन हातांची गोलंदाजी पूर्वी दिसे ती बहुधा गमतीखातर. १९५८ साली किंग्स्टनला गारफिल्ड सोबर्सने ३६५ धावांचा विक्रम केला. ती विक्रमी धाव घेतली तेव्हा समोर गोलंदाज होता हनीफ महंमद, आणि त्याने त्या वेळी हात बदलून डाव्याने चेंडू टाकला होता. पराभवाच्या छायेत एका थोर फलंदाजाने केलेली ती मौज होय. हीच गोष्ट धंदा म्हणून अंगीकारणारे पुढे उशिराने आले. श्रीलंकेचा कामिंदू मेंडिस २०१६ साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात तसा टाकताना दिसला. १२ सप्टेंबर २०१७ रोजी चेन्नईस ऑस्ट्रेलियाविरुद्ध मंडळ अध्यक्षीय संघाचा सराव सामना झाला. त्यात कर्णेवारने जगातील नामांकित फलंदाजांसमोर आपले दोन्ही हात चालविले.

अशा गोलंदाजाच्या सरावाविषयी एक शोध येथे सांगावासा वाटतो. १९७९ साली शी आणि मॉर्गन या अमेरिकन संशोधकांनी हाताच्या हालचालींचे तीन प्रकार दोन गटांना शिकविले. एका गटाने पहिला प्रकार पुरता घोटून मग दुसरा, मग तिसरा घेतला. दुसऱ्या गटाला तिन्ही प्रकार सरमिसळ करून दिले. सराव चालू असताना पहिला गट चपळ दिसला आणि दुसरा अडखळत होता. दहा दिवसांनी पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा पारडे फिरले. अडखळणाऱ्यांनाच विद्या अधिक टिकली होती. प्रशिक्षकाच्या दृष्टीने ही गोष्ट मोठी अवघड आहे. कारण मैदानाच्या कडेला पालक उभे असतात, निवड समितीचे कोणी येऊन जाते, आणि सगळ्यांना आजच सफाई दिसावयास हवी असते. दोन हातांच्या गोलंदाजाला ही सरमिसळ टाळता येत नाही. एक धाव निघाली, समोरचा फलंदाज बदलला, की त्याला एका षटकातच दुसरे शरीर अंगावर चढवावे लागते. त्याचा सराव पुष्कळ दिवस ओबडधोबड दिसणार हे ठरलेले. तो ओबडधोबडपणा सहन करणारा गुरू लाभणे, यातच त्याचे निम्मे दैव आले.

कर्णेवार ज्या संघात गेला त्या संघालाही दीर्घकाळ कोणी मोजीत नव्हते. विदर्भ रणजी करंडकात उतरला तो १९५७-५८ च्या मोसमात. करंडक हाती आला तो साठ वर्षांनी, १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरला दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव केल्यावर. त्या मोसमात शिस्तीबद्दल प्रसिद्ध असलेले चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले होते. उपान्त्य सामना कर्नाटकाविरुद्ध अवघ्या पाच धावांनी जिंकला होता, म्हणजे निराळ्या दिवशी तो हरताही आला असता. साठ वर्षे हरण्याची सवय झालेल्या मंडळींना त्या पाच धावांच्या अलीकडे उभे राहण्यास शिकविणे, हे पंडितांचे काम. कर्णेवारची वाट तेथेही सरळ नव्हती. डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून आदित्य सरवटे संघात होताच, आणि एका संघात त्याच जातीच्या दोघांना जागा मिळणे कठीण.

तेव्हा उपयोगी पडले ते तिसरेच शिक्षण. फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपूरला सौराष्ट्राविरुद्ध रणजीचा अंतिम सामना झाला. त्यात सरवटेने अकरा बळी घेतले, आणि पहिल्या डावात विदर्भाच्या ३१२ धावांपैकी नाबाद ७३ धावा कर्णेवारच्या होत्या. सामना ७८ धावांनी जिंकला. लागलीच तेथेच इराणी करंडकाची लढत झाली. शेष भारताच्या ३३० धावांना उत्तर देताना विदर्भाने ४२५ केल्या, त्यांत खालच्या क्रमांकावर येऊन कर्णेवारने १०२ धावा काढल्या. हे त्याचे प्रथम श्रेणीतील पहिलेच शतक. अखेरच्या दिवशी २८० चे लक्ष्य असताना विदर्भ ५ बाद २६९ वर थांबला आणि पहिल्या डावातील आघाडीवर करंडक राहिला. सामन्याचा मानकरी ठरला कर्णेवार. दोन हातांच्या गोलंदाजीसाठी ज्याच्याकडे लोक कुतूहलाने पाहात, त्याला हा मान मिळाला फलंदाजीबद्दल, हे पाहून आम्हांस गंमत वाटली. आणि बरेही वाटले, कारण नवलाईच्या वस्तूला एरवी नवलाईपलीकडे कोणी विचारीत नाही.

मग ८ नोव्हेंबर २०२१ हा दिवस आला. सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत विदर्भाने मणिपूरविरुद्ध ४ बाद २२२ धावा केल्या. मणिपूरचा डाव ५५ धावांत आटोपला. प्रतिस्पर्धी दुबळा होता हे खरे. पण दुबळ्या संघाचाही चेंडू बॅटच्या कडेला लागून एखादी धाव निघतेच. कर्णेवारची चार षटके, चारही निर्धाव, दोन बळी. पुरुषांच्या टी-२० क्रिकेटमध्ये वाट्याची सर्व षटके एकही धाव न देता टाकणारा तो पहिला गोलंदाज. दुसऱ्या दिवशी सिक्कीमविरुद्ध त्याने हॅटट्रिक घेतली. त्यानंतर सहा दिवसांच्या आतच कॅनडाच्या साद बिन जफरने पनामाविरुद्ध चार निर्धाव षटकांची बरोबरी केली, आणि २०२४ च्या विश्वचषकात न्यूझीलंडच्या लॉकी फर्ग्युसननेही.

मणिपूरच्या त्या सामन्याचा धावफलक आम्ही पुन्हा काढून पाहिला. षटके ४, निर्धाव ४, धावा ०, बळी २. कोणता चेंडू कोणत्या हाताने पडला, यासाठी धावफलकात रकाना नसतो.