तळ्याकाठचे हंस कुणाचे?

बॅलेच्या प्रश्नमंजुषेत आपण हमखास विचारतो, ‘स्वान लेक’ कुणी बसवला? उत्तर येतं, मारियस पेतिपा. गुण देऊन आपण पुढे जातो. जरा थांबू या. १८७७ साली मॉस्कोत तो पहिल्यांदा बसवला रायझिंगरने, आणि ते नृत्य आज कुणी नाचत नाही. बहुतेक ठिकाणी आज दिसतो तो सेंट पीटर्सबर्गच्या १८९५च्या प्रयोगावर बेतलेला. त्यातले दरबाराचे प्रवेश बहुतांशी पेतिपाचे, हे खरंच. पण तळ्याकाठचे हंस, म्हणजे ज्यांच्यासाठी आपण तिकीट काढतो तेच, लेव्ह इव्हानोव्हचे! हा पेतिपाच्या हाताखालचा माणूस. १८९२ मध्ये पेतिपा आजारी पडला तेव्हा ‘नटक्रॅकर’ही यानेच उभा केला. तेव्हा नुसतं ‘पेतिपा’ म्हणणाऱ्याला आपण अर्धाच गुण देऊ या.