४२.३४ मीटरवरचे कान

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात कर्जतच्या घरी माझ्या फळीवर तिसरा रेडिओ आला. पहिला मामांचा. ते खोपोलीला नोकरीला होते आणि तिथे वीज असल्यामुळे विजेवर चालणारा व्हॉल्व्हचा सेट घेण्याची त्यांची ऐपत आणि सोय दोन्ही होती. दुसरा वीस वर्षांपूर्वी घेतलेला साधा स्कॅनर. तिसरा हा नवा, डिजिटल. माझ्याकडे हौशी रेडिओचा परवाना आहे, हे आधीच सांगितलेले बरे. नाहीतर आपल्याकडे एरियल दिसले की लोकांच्या भुवया वर जातात.

नवा सेट आला म्हणजे जुने काढायचे, असा घरातला आग्रह होता. मी तिन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि छतावरच्या एकाच एरियलची वायर तिघांना वाटून दिली. दोन दिवस नुसता गोंधळ. चार्जरची घरघर, एलईडी दिव्याची खरखर, एकाचा आवाज दुसऱ्यात. दिवे मालवून, चार्जर काढून टाकल्यावर तिसऱ्या रात्री नव्या सेटच्या पडद्यावर एक बारीक, स्थिर रेघ उरली. ७.५३५ मेगाहर्ट्झवर. तिथे कुठलेही स्टेशन नव्हते. मामांचा सेट बंद केला की रेघ जाई, चालू केला की परत येई.

मग उलगडा झाला. मामांच्या सेटचा काटा मी ७.०८ मेगाहर्ट्झवर ठेवला होता. अशा सेटच्या पोटात एक छोटा आंदोलक असतो. तो ऐकायच्या लहरीपेक्षा ४५५ किलोहर्ट्झ वर आपली स्वतःची लहर निर्माण करतो आणि दोहोंच्या फरकातून आवाज काढतो. त्या लहरीतली थोडी एरियलवाटे बाहेर गळते. म्हणजे नुसते ऐकणाराही आपण कुठे काय ऐकतो आहोत ते हळूच सांगत असतो.

काटा ७.०८ वर का होता, ते सांगायला १९४२ मध्ये जावे लागेल.

त्या काळी रेडिओची तबकडी मेगाहर्ट्झपेक्षा मीटरमध्ये वाचली जाई. ७.०८ मेगाहर्ट्झ म्हणजे ४२.३४ मीटर. २७ ऑगस्ट १९४२ रोजी याच लांबीच्या लहरीवर, भारतात कुठून तरी बोलत असल्याचे सांगत, काँग्रेस रेडिओ पहिल्यांदा बोलला. मागे उषा मेहता, बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी अशी तरुण मंडळी होती. राममनोहर लोहियांचा हात होता. शिकागो रेडिओ या कंपनीचे नानक मोटवाने सामग्री पुरवत होते. यंत्र जुळवणाऱ्यांत नरिमन प्रिंटर हे मुंबईचे हौशी रेडिओवाले होते. ४२ मीटरच्या आसपासचा पट्टा तेव्हाही हौशींचा होता, आजही ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ आमच्याकडेच आहे. त्यामुळे यंत्राने ही जागा धरली यात मला नवल वाटत नाही. माणूस हाताला सवय असलेल्या गल्लीतूनच पळतो.

पळणे अक्षरशः होते. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने हौशींना आपली प्रक्षेपण यंत्रे पोलिसांत जमा करण्याचे हुकूम काढले होते. नुसता सेट जवळ बाळगायलाही १९३३ च्या वायरलेस कायद्याने परवाना लागे. त्यात लहरीची दिशा शोधणारी वाहने मुंबईत फिरत. दोन ठिकाणांहून दिशा घेतली की नकाशावर दोन रेघा एकमेकींना छेदतात. तिथे घर सापडते. म्हणून चौपाटीवरून लॅबर्नम रोड, तिथून वाळकेश्वर, असे करत यंत्र गिरगावातल्या पारेखवाडीपर्यंत हलवत नेले. वृत्तपत्रांवर सेन्सॉर असताना चितगावचा हवाई हल्ला, जमशेदपूरचा संप, आष्टी-चिमूरचे अत्याचार यांच्या बातम्या या रेडिओने दिल्या. १२ नोव्हेंबरला पारेखवाडीत छापा पडला. फितुरी तंत्रज्ञाचीच होती. उषाबेनना चार वर्षांची, बाबूभाईंना पाच वर्षांची, झवेरींना एक वर्षाची शिक्षा झाली, मोटवाने सुटले.

हे सगळे बहुतेकांना माहीत आहे. मला खिळवून ठेवते ती दुसरी बाजू. गुप्त केंद्राने आपले भाषण जपून ठेवायचे नसते. कागद सापडला तर फास. तरीही त्या भाषणांचा मजकूर आज आपल्याला वाचता येतो, कारण सरकारी माणसे कानाला यंत्र लावून रोज रात्री ते उतरवून घेत होती. खटल्यात पुरावा म्हणून जमवलेले ते टिपण पुढे अभिलेखागारात गेले आणि उषा ठक्कर यांच्या २०२१ च्या पुस्तकात आले. ज्यांना तो आवाज बंद करायचा होता, त्यांच्याच कारकुनांनी तो टिकवला. त्या कारकुनांतला एखादा मनातून हलला असेल का, असे मला नेहमी वाटते. पण टिपणात मन उतरत नाही.

आता आमच्या बाजूचे. माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल त्याच महिन्यांत आझाद दस्ता घेऊन कर्जत-मुरबाडच्या डोंगरांत होते. त्यांचे लक्ष्य होते विजेचे मनोरे. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये. लोणावळ्याच्या तळ्यांतले पाणी घाटाखाली कोसळायचे आणि त्याची वीज खालापूर-कर्जतच्या शेतांवरून मुंबईच्या गिरण्यांना जायची. ज्यांच्या डोक्यावरून ती जात होती त्यांच्या घरात चिमण्या जळत होत्या. आमच्याच घरी वीज आली तेव्हा मी तिसरीत होतो.

दस्त्याने सप्टेंबरपासून मनोरे पाडले, मुंबईचे कारखाने अडखळले. गंमत अशी की गिरगावातल्या यंत्रालाही वीज लागत होतीच, आणि मुंबईला वीज मुख्यतः याच डोंगरांतून जाई. एकाच लढ्याची दोन टोके एकाच तारेवर होती: एक ती तोडत होते, दुसरे तिच्यावर बोलत होते. कुणी याला विसंगती म्हणेल. मला ती भूमिगत चळवळीची खरी अवस्था वाटते. एका हाताचे दुसऱ्याला कळू नये अशीच तिची रचना असते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले.

त्या तारा अजून आहेत, म्हणजे त्यांच्या वारसदार. पावसाळी हवेत खोपोलीच्या रस्त्याला मनोऱ्याखाली जुना स्कॅनर धरला तर तडतड ऐकू येते. नव्या डिजिटल सेटला ती ऐकूच येत नाही, निदान डिजिटल बोलण्याच्या वेळी नाही. तो आवाजाचे आकडे करतो. आकडे नीट आले तर बोलणे शेजारच्या खोलीतून आल्यासारखे, थोडे बिघडले तर एकदम शांतता. जुन्या सेटवर माणूस खरखरीत बुडत बुडत जातो आणि आपण कान ताणून शेवटचे दोन शब्द तरी पकडतो. पूर्वेला सह्याद्री आणि पश्चिमेला माथेरान अशा उल्हासच्या खोऱ्यात हा फरक रोज कळतो. उंच वारंवारतेची लहर डोंगराला अडते. ४२ मीटरची वर जाऊन आकाशातून परत खाली येते, तिला घाटाची पर्वा नाही.

त्याहून मोठा फरक कुलपाचा आहे. आज ज्यांना गुप्त बोलायचे आहे ते सांकेतिक करून बोलतात. माझ्या नव्या सेटच्या पडद्यावर अशा ठिकाणी नुसता दिवा लागतो: इथे कुणी बोलते आहे. काय, ते कळत नाही, कळूही नये. पण १९४२ चे ते टिपण झाले ते लहर उघडी होती म्हणून. जे मित्राला ऐकू येत होते तेच पोलिसालाही. कुलपातले बोलणे उद्याच्या अभ्यासकाला कोण उतरवून ठेवणार? आम्हा हौशींना मात्र नियमाने साध्या भाषेतच बोलावे लागते. पोस्टात वर्षाला पंधरा रुपये भरून रेडिओचे लायसन्स काढणारे वडील माझ्या या परवान्याला हसले असते.

तिन्ही सेट आता फळीवर आहेत. रात्री साडेआठला घरातले दिवे मालवतो आणि ७.०८ वर येतो. काल दोन म्हातारे हौशी मराठीत बोलत होते. एकाचे एरियल वादळात पडले होते, दुसरा त्याला बांबू कुठे स्वस्त मिळेल ते सांगत होता. नव्या सेटच्या पडद्यावर, थोडे वर, मामांच्या सेटची ती बारीक रेघ होतीच. मी ते संभाषण उतरवून घेतले आणि खाली तारीख घातली.