स्त्री-वैमानिकांची सनद

जुन्या कागदांत सनदेच्या तारखेला मोठा मान असतो. परंतु सनद झाली त्याच दिवशीं वहिवाट सुरू झाली असें समजणें धोक्याचें. पुष्कळदां वहिवाट आधींची व सनद मागाहूनची असते, हें दफ्तरें चाळणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. भारतीय वायुदलांतील स्त्री-वैमानिकांचा कालानुक्रम लावूं लागलें असतां हाच प्रकार दृष्टीस पडतो. ‘पहिली’ हें विशेषण ज्या तारखांस जोडलें जातें त्या बहुतेक सरकारी परवानगीच्या तारखा आहेत, सामर्थ्याच्या नव्हेत. तें कसें, हें आम्ही थोडक्यांत मांडतों.

सन १९३६ मध्यें सरला ठकराल यांनीं लाहोर येथें वैमानिकाचा परवाना मिळविला. १९४७ सालीं प्रेम माथुर यांनीं धंदेवाईक वैमानिकाचा परवाना घेतला, व अनेक कंपन्यांनीं नाकारल्यावर त्यांस डेक्कन एअरवेजनें नोकरी दिली. ही कंपनी निजाम सरकार व टाटा यांच्या भागीदारीची, हैदराबादची. परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांतच मोडत असे. तेव्हां ही हकीकत इकडील वाचकांस परकी वाटूं नये. परदेशांत तर मजल याहून पुढें गेली होती. तुर्कस्तानच्या सबिहा ग्योकचेन १९३७ सालीं लष्करी मोहिमेंत उडाल्या, आणि १९४१ सालीं रशियांत मरीना रास्कोवा यांनीं स्त्रियांच्या तीन हवाई पलटणी उभारल्या. स्त्रीस विमान चालवितां येतें कीं नाहीं, हा प्रश्न असा केव्हांच निकालांत निघाला होता. तरी आपल्या वायुदलांत वैमानिक म्हणून तिचा प्रवेश होण्यास विसाव्या शतकाचें अखेरचें दशक उजाडावें लागलें.

त्या पहिल्या तुकडींत चंदीगडच्या हरिता कौर देओल होत्या. हैदराबादेजवळील दुंडीगल व नंतर येलहंका येथें त्यांचें शिक्षण झालें. २ सप्टेंबर १९९४ रोजीं त्यांनीं ॲव्रो विमानाचें एकटीनें उड्डाण केलें. वायुदलांतील स्त्रीचें असें हें पहिलेंच उड्डाण होय. डिसेंबर १९९६ मध्यें आंध्र प्रदेशांत विमान कोसळून ऐन पंचविशींत त्या निवर्तल्या. कारकीर्द अवघी सव्वादोन वर्षांची. पण वाट बंद पडली नाहीं. १९९९ च्या कारगिल युद्धांत गुंजन सक्सेना व श्रीविद्या राजन यांनीं ‘चीता’ हेलिकॉप्टरें चालविलीं.

लढाऊ विमानांची परवानगी मात्र ऑक्टोबर २०१५ मध्यें मिळाली. १८ जून २०१६ रोजीं दुंडीगल येथेंच अवनी चतुर्वेदी, भावना कांत व मोहना सिंह या तिघी रुजू झाल्या, व १९ फेब्रुवारी २०१८ रोजीं अवनी यांनीं मिग-२१ एकटीनें चालविलें. महाराष्ट्राचें नांव या मालिकेंत जून २०१९ मध्यें आलें. नागपूरच्या अंतरा मेहता या लढाऊ विमानांसाठीं निवडल्या गेलेल्या आपल्या प्रांतांतील पहिल्या स्त्री होत.

१९३६ पासून १९९४ पर्यंत अठ्ठावन्न वर्षें होतात. हें अंतर स्त्रियांच्या अंगच्या उणिवेचें नसून सनद देणाऱ्यांच्या विलंबाचें आहे, असा आमचा निष्कर्ष आहे. यास्तव संग्राहकांस आमची विनंति अशी, कीं नेमणुकीच्या हुकमांबरोबरच उड्डाणांच्या नोंदवह्या, परवाने आणि विशेषेंकरून अर्ज नाकारल्याचीं पत्रेंही जपावीं. सनदेआधींची वहिवाट शाबीत करावयाची तर आधार याच कागदांचा मिळणार.